शाळेत मेंढरांची हाक

आमच्या घरात ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय, की मी सुरुवात केली की माझी मुलं पाणी प्यायला उठून जातात. म्हणून आता लिहून काढते. कागद उठून जात नाही.

मी शाळेत मदतनीस झाले ती सेवाभावानं, असं कुणी समजू नये. थोरल्या जावेला अंगणवाडी मिळाली होती. ती रोज सकाळी केसात फूल खोवून, खांद्याला पर्स अडकवून माझ्यासमोरून जायची आणि मी शेणाची पाटी घेऊन तिला वाट द्यायची. दोन हजार सालानंतरचे दिवस. अपंग मुलांना लांबच्या वसतिगृहात न टाकता गावातल्याच शाळेत बसवायचं, असं सरकारनं तेव्हा ठरवलं होतं. जुन्नरहून अशा मुलांना शिकवणाऱ्या एक फिरत्या बाई अधूनमधून एसटीनं यायच्या, पण रोज मुलाजवळ बसायला त्यांना गावातलीच, दहावी झालेली बाई हवी होती. मी दहावी झालेली होते. काठावर, पण झालेली.

सासूबाई म्हणाल्या, "घरची म्हस दावं तोडतीय, अन् ही निघाली दुसऱ्याच्या पोरीमागं."

"म्हशीमागं फिरून पर्स मिळत न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी म्हशीमार्फतच बोलत होत्या. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "तुझी मालकीण आता बाई झाली, बरं का."

ओतूरच्या रस्त्यावरचं आमचं बाजाराचं गाव. नाव लिहीत नाही, कारण तेव्हाच्या मुख्य गुरुजींचे भाऊबंद अजून तिथंच राहतात आणि सगळे गुरुजींसारखेच आहेत. माझ्या वाट्याला आलेली मुलगी किराणा दुकानवाल्या शेठची नात होती. त्यांचे वाडवडील राजस्थानातून आलेले. आता बोलायला आमच्यासारखेच, भांडायला लागले तर आमच्यापेक्षा चार शब्द जास्त. मुलगी अंगानं उंच, दुसरीत बसवलेली. बोलायची नाही. त्या काळी अशा मुलांना कागदावर मतिमंद लिहायचे आणि तोंडानं वेडी म्हणायचे. तिला एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे पळणं.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी मला बसायलासुद्धा न सांगता सुनावलं. "बाई, ही पोरगी फाटकाबाहेर गेली, की त्याच दिवशी दाखला शेठच्या घरी. रस्ता फाटकाला लागून आहे. मला लेकरू टेम्पोखाली घालायचं नाही."

रस्त्याबद्दल त्यांचं म्हणणं खरं होतं. त्याचाच मला जास्त राग आला. कांद्याचे टेम्पो तिथून असे जायचे की फाटकाच्या कड्या वाजायच्या. पण दाखला घरी गेला की ती मुलगी कुठं जाणार, हे मी पाहून आले होते. शाळेत घालण्याआधी ती दुकानामागच्या कोठीत, साखरेच्या पोत्यांमध्ये, बाहेरून कडी लावून ठेवलेली असायची. मारझोड नाही, उपाशी नाही. फक्त कडी.

तिच्या आईला मी कोठीच्या दारातच पहिल्यांदा भेटले. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. त्यांच्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही, असा रिवाज. शेठ दिवसभर दुकानात आणि दुकान म्हणजे घराचंच पुढचं दार, म्हणजे ही बाई दिवसभर मुकी. लेकीला बोलवायचं तर दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवायची. लेक ढुंकून बघायची नाही. मला ती कानात म्हणाली, "ताई, शाळेतनं परत पाठवू देऊ नका हो." बस्स, एवढंच. आणि मी, जिला पर्स हवी होती, ती "नाही पाठवू देणार" असं म्हणून बसले.

मग सुरू झालं. मुलगी माझ्या मनगटाला चावायची. पाटीवर मी काढलेला गोल ती चाटून पुसायची. नावानं हाक मारली की पळायची, आणि जितकी मोठी हाक तितका मोठा पळ. फिरत्या बाईंनी प्रशिक्षणात रंगीत चित्रांचे पुठ्ठे दिले होते. मुलीनं त्यातला गाईचा पुठ्ठा खाल्ला. गुरुजी व्हरांड्यातून जाता जाता म्हणायचे, "काय बाई, आज कोणाचं शिक्षण झालं, तुमचं का तिचं?"

एके दिवशी परिपाठ चालू असताना ती रांगेतून सुटली. मी मागं धावले. साडीच्या निऱ्यांत पाय अडकला आणि अख्ख्या शाळेसमोर मी आडवी झाले. पडल्या पडल्या माझ्या तोंडातून जे निघालं ते तिचं नाव नव्हतं. माझं माहेर आंबेगावच्या पूर्वेकडं, बापाची मेंढरं. कळप उधळला की बाप ओठ सैल सोडून फुरफुरवायचा, भुर्रर्रर्र, आणि शेवटी आवाज वर चढवत लांब हेऽऽय. लग्नानंतर मी तो कधी काढला नव्हता. जमिनीवर पालथी पडून काढला.

मुलगी थांबली. वळली. खुदकन हसली आणि चालत माझ्यापाशी येऊन बसली.

राष्ट्रगीत मोडलं इतकी पोरं हसली. गुरुजी म्हणाले, "उद्यापासून खिचडीऐवजी चारा शिजवू का, बाई?" संध्याकाळपर्यंत मी मेंढकीणबाई झाले होते. मी रस्त्यानं निघाले की पोरं पारावरून भुर्रर्र करायची. नवरा टपरीवरून तोंड पाडून आला. म्हणाला, "तुजा आवाज ओतूरच्या स्टँडवर पोचला. लोक मला इचारतात, राव, लोकर कधी कापणार?" जाऊबाई तर अंगणवाडीतून मुद्दाम वाकडी वाट करून आल्या, माझ्या ढोपराची चौकशी करायला.

पण मुलगी थांबायची. प्रत्येक वेळी. हळूहळू मला चावणंही तिनं कमी केलं, पुठ्ठे खाणंही. ती वर्गात बसू लागली. शिकत काय होती देव जाणे, पण पोत्यांऐवजी माणसांत बसत होती.

तिची आई शाळा सुटताना फाटकापाशी न्यायला यायची. एकदा तिनं मला ओढत पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि पदराआडून विचारलं, "कसा काढता?" मी शिकवलं. पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली. दोघी हसलो. तिचं हसू मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, बारीक, चोरून आणल्यासारखं. बाईनं चिकाटी सोडली नाही. काही दिवसांनी तिचा आवाज माझ्यापेक्षा लांब जायला लागला.

आणि एका सकाळी शेठ शाळेत आले. डोक्यावर टोपी, मागं सून आणि नात. सून-नात व्हरांड्यात थांबल्या. शेठ गुरुजींच्या खोलीत आले आणि माझ्याकडं बोट करून बसले.

"गुरुजी, आमची पोर काय बकरी हाये? ही बाई तिला हाकती. शाळेत हाकती ते हाकती, आता माज्या घरात आवाज यायला लागला! गिऱ्हाईक काट्यापाशी उभं, अन् आतनं भुर्रर्र! गिऱ्हाईक इचारतं, शेठ, मेंढरं कधी घेतली?"

"घरात कोण काढतं आवाज?" मी साळसूदपणे विचारलं.

शेठ अडकले. सुनेचं नाव भर शाळेत कसं घेणार? म्हणाले, "पोरगीच काढत असंल."

"पोरीनं काढला असंल, तर पेढे वाटा की शेठ. आजवर तिनं तोंडातून चकार शब्द काढला न्हाई."

"ए बाई, तोंड सांभाळ!"

गुरुजींना हा दिवस दिवाळीसारखा होता. मी आणि मुलगी, दोन्ही पीडा एकदम जात होत्या. हात चोळत म्हणाले, "वाद नको. शेठचीच इच्छा नसेल, तर दाखला आत्ता देतो. आणि बाई, हा आवाज शाळेत आजपासून बंद. हाक मारायची ती नावानं, माणसासारखी."

"माणसासारखी मारली की ती पळते."

"तुम्हाला मारता येत नसेल."

"मग तुमीच मारा."

गुरुजी उठले, दारात जाऊन उभे राहिले आणि हजेरी घेतल्यासारखं तिचं नाव घेतलं. तोवर मुलगी आईशेजारी शांतपणे भिंतीचा पोपडा काढत बसली होती. ती उठली आणि सुटली.

"अगं ए! थांब!" गुरुजी ओरडले. शेठ खिडकीतून ओरडले. मुलगी आणखी जोरात. मी उठले, पण दारात गुरुजी, आणि गुरुजी म्हणजे पूर्ण दार. त्यांच्या बगलेतून मला फक्त फाटक दिसत होतं आणि लांबून येणारा टेम्पो. मी श्वास घेतला.

माझ्याआधीच आवाज आला. भुर्रर्रर्र, हेऽऽय! असा भरून, की टाकीवरची कबुतरं उडाली. व्हरांड्यात, सासऱ्यापासून दोन हातांवर, पदर हनुवटीवर तसाच घट्ट धरून, सून उभी होती.

मुलगी थांबली. एक पाय फाटकाच्या आत, एक बाहेर. टेम्पो हॉर्न देत निघून गेला. मग ती वळली, चालत आली आणि आईच्या पोटात डोकं खुपसून उभी राहिली.

मी गुरुजींच्या बाजूनं घुसून व्हरांड्यात आले, मागून शेठ. गुरुजी आधी सावरले. "बाहेर गेली. सगळ्यांनी बघितलं. ठरल्याप्रमाणं..."

शेठ गुरुजींकडं बघतच नव्हते. सुनेकडं बघत होते. ती माझ्यापाशी सरकली आणि कानात काहीतरी म्हणाली. मी मोठ्यानं सांगितलं, "शेठ, त्या म्हणतायत, मी बोलले न्हाई."

खरंच होतं ते. रिवाज बोलण्याचा होता. असल्या आवाजाविषयी त्यांच्या वाडवडिलांनी काही सांगून ठेवलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि सगळा राग गुरुजींकडं वळवला.

"गुरुजी, एक पाय आत व्हता."

"अहो शेठ, पण..."

"अर्ध्या मापाला माज्या दुकानात माप म्हणत न्हाईत. पोर शाळेत बसंल." आणि निघून गेले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

ती चौथीपर्यंत आमच्या शाळेत बसली. गुरुजींनी तोवर सूड घ्यायचा सोडला नाही. मला टाकी धुवायला लावायचे, पाहुणे आले की माझी ओळख "आमच्या मेंढरांच्या बाई" अशी करून द्यायचे. मीही त्यांचा चहा मुद्दाम निवल्यावर न्यायची.

शेठ माझ्याशी शेवटपर्यंत नीट बोलले नाहीत. एकदा मी गूळ घ्यायला दुकानात गेले. नात पोत्यावर चढून बसली होती, कोठीतल्या नव्हे, पुढच्या, रस्ता दिसणाऱ्या. जेवायला उतरत नव्हती. सून माहेरी गेलेली. शेठनी नावानं बोलावलं, गोडीनं बोलावलं, बिस्कीट दाखवलं. मग इकडंतिकडं बघून ओठ पुढं काढले आणि फुंकले. नुसती हवा आली, आणि कवळी हलली.

नात त्यांच्याकडं दयेनं बघत होती. शेठनी माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच सरळ.

"गूळ अर्धा किलो द्या," मी म्हणाले.