दहावीच्या फोटोखालचं नाव

नवरा-बायकोचं भांडण ऐकू नये म्हणतात. पण उकंडाची आणि माझी मधली भिंत एकच, आणि तीही कुडाची. बारा-तेरा वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते, आणि पलीकडं पंचफुला नवऱ्याला सोलून काढत होती.

"दुकानात येते कोन? पासपोटवाले दोन अन् आधारवाला एक. बाकी समद्याइच्या हातात मोबाईल हाय. लोकं सोताचे फोटो सोताच काढून राह्यले. तुमी शटर कोनासाठी उघडता?"

"शाळा पकडतो आता," उकंडा म्हणाला.

"पकडा. शाळा काय कोंबडी हाय?"

"हायस्कूलचा दहावीचा गट-फोटो एकदा भेटू दे फक्त. तो हापिसात टांगतात. खाली दुकानाचं नाव राह्यते. तालुक्यातला हरेक मास्तर तिथं येते, फोटो पाह्यते, खालचं नाव वाचते. एक शाळा भेटली का दहा भेटतात."

"अन् खाली काय लिवसान? उकंडा फोटो स्टुडिओ?"

"मंग? माह्या दुकानावर दुसऱ्याचं नाव लिवू?"

पंचफुला अशी हसली की माझ्या सुपातले तांदूळ हलले.

नावाचं सांगते. उकंडाच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून हा झाला तसा सुईणीनं त्याला उकिरड्यावर टेकवला, परत उचलला, आणि नाव ठेवलं उकंडा. म्हणजे यमाला वाटावं, हा कचराच आहे, याला नेऊन काय करायचं. आमच्याकडं असे उकंडे गावोगाव सापडतील. यमाची फसगत होते की नाही मला माहीत नाही, पण शाळांच्या अध्यक्षांची होते. ते नाव ऐकतात आणि माणसाला कचराच समजतात.

आमच्या घाटंजीच्या त्या हायस्कूलचे अध्यक्ष सदाशिवराव. मी तिथं खिचडी शिजवायची, त्यामुळं त्यांचा माझा रोजचा संबंध. म्हणजे ते खिचडीचा वास घ्यायचे आणि नाक मुरडायचे. त्यांच्या हापिसात त्यांचे स्वतःचे सात फोटो होते. गांधीजींचा एक.

उकंडा त्यांच्याकडं पहिल्यांदा गेला तेव्हा इस्तरीचा शर्ट घालून गेला. हातात भिंतीवरचं घड्याळ, भेट म्हणून. घड्याळाच्या काचेवर लाल अक्षरात दुकानाचं नाव. कोणीतरी त्याला शिकवलं होतं की धंद्यात शिरायचं तर आधी हात मोकळा करावा लागतो. अध्यक्षांनी घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं.

"उकंडा," ते म्हणाले, "काम तुझं चांगलं असेल रे. पण आमच्या मुलांच्या फोटोखाली हे नाव बरं दिसते का? लोक म्हनतीन, शाळा उकिरड्यावर भरते."

"साहेब, फोटोत मी थोडी राह्यतो."

"नाव बदलव. क्लासिक ठेव, रॉयल ठेव. मंग पाहू."

घड्याळ त्यांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते मला शिपायाच्या खोलीत, झाडूच्या वर टांगलेलं दिसलं. तिथं ते पाच वर्षं बरोबर वेळ दाखवत होतं, आणि शिपाई तरीही उशिराच घंटी वाजवायचा.

गट-फोटोचं काम मिळालं नागपूरच्या कंपनीला. कंपनीकडून अमर नावाचा एक बोलका माणूस यायचा. त्यानं शाळेला थंड पाण्याची मशीन भेट दिली, तिच्यावर अध्यक्षांचं नाव मोठं, कंपनीचं बारीक. आता सांगा, घड्याळ काय करणार त्या मशीनपुढं? मशीन पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडली ती गोष्ट वेगळी. नाव अजून चकचकीत आहे.

कंपनीचं काम पाहण्यासारखं असायचं. गट-फोटोशिवाय एकेकाचे सुटे फोटोही विकायचे, त्यासाठी वर्गात निळा पडदा लावायचे. एकेका लेकराला स्टुलावर बसवायचे, खाट् करून फोटो, चल पुढं. मग कॉम्प्युटरात सगळ्यांच्या अंगात काळा कोट घालायचे. आमच्याकडं उन्हाळ्यात चव्वेचाळीस डिग्री तापमान, लेकरं रबरी चपलेत, आणि फोटोत सगळे वकील. माय-बाप खूश. मीही माझ्या नातवाचा तसला फोटो घेतला होता, खोटं कशाला बोलू. तो त्यात माझा नातू वाटत नाही, पण भिंतीवर शोभतो.

उकंडा दरवर्षी अर्ज द्यायचा. दरवर्षी हेडमास्तर म्हणायचे, पाहू. हेडमास्तर यवतमाळवरून जाणं-येणं करणारे. दहाची बस, पाचची बस. गावात बाजार कोणत्या दिवशी भरतो हेही त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांची भाजी यवतमाळात यायची. हे मी उगाच सांगत नाही. याच्यावरच पुढचं सगळं घडलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत अमर गट-फोटो काढायला आला. कापसाची वेचणी चालू होती. दहावीतल्या, बंजारा तांड्यावरच्या चार मुली आपापल्या मायसोबत वेचायला गेलेल्या. अमर म्हणाला, जे नाहीत त्यांना सोडा. पण हेडमास्तरांना फोटोत पूर्ण पट पाहिजे होता. वर्गशिक्षकांनी मग डोकं चालवलं. त्या चौघींच्या धाकट्या बहिणी सातवी-आठवीत होत्या. त्यांना आणून त्या जागांवर उभं केलं. म्हणाले, तोंडं सारखीच असतात, कोण पाहते. मी चुलीवरच्या खिचडीच्या गंजाजवळून पाहत होते. मला कोण विचारते.

फेब्रुवारीत निरोप समारंभ. फोटो हातभर रुंद चौकटीत, वरून हार घातलेला, खाली प्रत्येकाचं नाव छापलेलं. अध्यक्षांनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. पालकांना जवळून पाहायला बोलावलं, तेव्हा तांड्यावरची रूपीबाई पुढं गेली. तिची नात पायल दहावीला. त्यांच्या घरातली दहावीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी. रूपीबाईला अक्षर वाचता येत नाही, म्हणून तिनं पायललाच विचारलं, तुझं नाव कुठं आहे दाखव. पायलनं बोट ठेवलं. म्हातारीनं बोटाच्या वरचं तोंड पाहिलं.

"ई मारी पायल छेनी," ती म्हणाली. मग हेडमास्तरांना कळावं म्हणून आमच्या बोलीत म्हणाली, "मास्तर, हे पायल नाही. हे तिची लहानी हाय. इच्यावर पायलचं नाव काहून टाकलं?"

"आजी, बसा, समारंभ चालू आहे."

"दहावी कोन शिकली? इनं का तिनं?"

मग बाकीच्या तिघींच्या आयाही उठल्या. अध्यक्षांचं भाषण राहिलं ते राहिलंच. पाहुणे चहाचे कप हातात धरून एकमेकांकडं पाहत होते. वर्गशिक्षक कुठं गेले कोणालाच दिसलं नाही, माझ्या चुलीमागं बसले होते.

हेडमास्तरांनी अमरला फोन लावला. तो म्हणाला, चार तोंडांचे फोटो मोबाईलवर पाठवा, कॉम्प्युटरात चिकटवून देतो. रूपीबाईनं ते ऐकलं. म्हणाली, "एकदा दुसऱ्याच्या धडावर नाव लावलं, आता दुसऱ्याच्या धडावर मुंडकं लावता? माही पोरगी उभी करा."

एका फोटोसाठी कंपनी परत यायला तयार नव्हती. असं करता करता उकंडाला बोलावणं आलं. संध्याकाळी तो माझ्याकडं आला, चेहरा लग्नाच्या नवरदेवासारखा.

"मावशी, भेटली शाळा."

"नाव लागते का खाली?" मी विचारलं.

"लागन. दुसरं कोनाचं लागन?"

हेडमास्तरांनी त्याला सोमवार दिला होता. उकंडा म्हणाला, "सोमवारी पोरी वेचनीले राह्यतात सर. बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी मजूर शेतात जात नाही, बाजाराले येतात. पोरी आपोआपच गावात राह्यतीन." हेडमास्तर त्याच्याकडं असे पाहत राहिले, जणू त्यानं इंग्रजीत काही सांगितलं. इतकी वर्षं बाजाराच्या दिवशी त्यांच्या वर्गात पोरी यायच्या, आणि बाकीच्या दिवशी नसायच्या, आणि ते हजेरीच्या रकान्याकडं पाहून डोकं खाजवायचे.

बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला उकंडानं वर्गातले बाक अंगणात आणले. इमारतीची सावली जिथं संपते तिथं, म्हणजे उन्हानं कोणाचे डोळे मिटायचे नाहीत. उंच पोरं मागं, मास्तर मधल्या खुर्च्यांवर. पायल आली ती केसांत आदल्या दिवशीच्या वेचणीचा कापूस अडकलेली. उकंडानं खिशातून स्वतःचा कंगवा काढला. "घे, केसं नीट कर. घाई नाही." कोट नाही, पडदा नाही. चव्वेचाळीस लेकरं होती, चव्वेचाळीसच आली.

फोटो मोठा झाला, चौकटीत बसला. अध्यक्षांनी पाहिला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "छान. खाली मात्र कंपनीचं नाव राहू द्या. त्याइनं मशीन देलती. तसा शब्द हाय आपला."

मी बाहेर भांडी घासत होते. उकंडाचं उत्तर ऐकायला माझा हात थांबला. तो म्हणाला, "लिवा साहेब. लेकराइचे नावं बरोबर लिवा म्हंजे झालं."

घरी पंचफुलानं त्याला जेवायला वाढलं नाही. "नाव गेलं, तरी हे घरी येऊन म्हनते झालं काम. उकिरड्यावर टाकलं तवाच तुमाले कोनी उचलाले नाही पाह्यजे होतं." मीसुद्धा भिंतीअलीकडून तिचीच बाजू घेतली. एवढी वर्षं ज्याच्यासाठी चपला झिजवल्या ते नाव त्यानं एका वाक्यात देऊन टाकलं. मला राग आला होता. अजून थोडा आहे.

पण मास्तर लोकांच्या हापिसात टांगलेल्या फोटोपेक्षा रूपीबाईचं तोंड मोठं. लग्नात, तेराव्याला, बाजारात, जिथं जाईल तिथं ती सांगत सुटली की उकंडानं पोरी गोळा करून फोटो काढला. आधी तिच्या तांड्यावरच्या शाळेचे मास्तर आले. मग शेजारच्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या शाळेच्या बाई. मग केळापूरकडून फोन. या लहान शाळा कंपनीला नको होत्या. वीस लेकरांसाठी निळा पडदा घेऊन कोण येते. उकंडा जायचा. मास्तरांना आधी एकच विचारायचा, तुमच्या गावचा बाजार कधी. आणि त्या दिवशीही जे लेकरू नसेल, त्याच्यासाठी एकटा परत जायचा, त्याचे वेगळे पैसे घ्यायचा नाही. पंचफुला त्यावरूनही बोलायची. पण दुकानाचं शटर तिनंच रंगवून घेतलं.

हायस्कूलचं काम कंपनीकडंच आहे. अमर येतो, पडदा लावतो. दोन वर्षांपूर्वी दहावीच्या फोटोत एका मास्तराला दोन वेळा छापलं. कोणी बोललं नाही, ते मास्तर अध्यक्षांचे जावई आहेत.

उकंडा यंदाच्या पोळ्याआधी गेला. सकाळी उठलाच नाही, झोपेतच छातीचा झटका आला. आदल्या दिवशी तो एका पोडावरच्या शाळेत गेलता. तिथली समीक्षा नावाची पहिलीतली पोर फोटोच्या दिवशी तापानं घरी होती. शाळा सुटलेली, म्हणून तो तिच्या घरीच गेला. तिच्या मायनंच आम्हाला नंतर सांगितलं. अंगणात खाट होती, ती त्यानं सावलीच्या कडेला ओढली. पोर रडत होती, तिला रडू दिलं. माय घाबरली, म्हणाली, भाऊ, उद्या या, आज हे काही बसनार नाही. उकंडा म्हणाला, बसन, मले कुठं जाचं हाय. अर्धा तास तो नुसता कॅमेरा मांडीवर घेऊन बसला. मग तिचं नाक पुसलं, कंगवा दिला, एक फोटो काढला, तिला दाखवला. वहीत तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं, मायला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना विचारलं, आणि गाडीला किक मारून निघाला.