मेरुमणी हाताला लागेना

माझी श्रद्धा कमी पडली असं म्हणायची सोय मला नाही. ती होती, रोज सकाळी साडेसहाला, आंघोळ झाल्यावर, आईने दिलेल्या तुळशीच्या माळेवर, एक दिवसही न चुकता. कमी पडला तो खरेपणा. आणि तोसुद्धा कोणाचा, तर ज्याने चौतीस वर्षं दुसऱ्यांचा खरेपणा तपासण्याचा पगार घेतला त्या माणसाचा. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं, कारण आमच्या पुण्यात स्वतःची चूक कबूल करायची फारशी पद्धत नाही आणि त्या बाबतीत मी अस्सल पुणेकर आहे.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी तपासनीस होतो. काडतुसांच्या पितळी नळ्या तपासायच्या, माप बसलं तर पुढे पाठवायच्या, नाही बसलं तर परत. माझ्या हिरव्या शाईतल्या शेऱ्याला लोक टरकून असत. गेज लावण्याआधीच माझ्या बोटाला कळायचं; कडेवरून तर्जनी फिरवली की केसाएवढी राहिलेली धारही लागायची. एकदा आमच्या सावंतांनी कँटीनमध्ये बसून, एकही नळी न मोजता, अख्ख्या लॉटची मापं तक्त्यात भरून टाकली. सगळी एकसारखी, सुंदर. मी त्यांना पूर्ण लॉट पुन्हा मोजायला लावला आणि वर ऐकवलं, "सावंत, तुमच्या मनातला आकडा बंदुकीला कळत नसतो." हे वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं. निरोप समारंभात मी ते परत सांगितलं, तेव्हा सावंतांनीही टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी पाठ धरली. तपासण्या झाल्या आणि हाडांच्या मगजात होणारा रक्ताचा कर्करोग निघाला. हा मुळापासून जात नाही, औषधांनी दबून राहतो, असं डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं. दोन वर्षं तो दबून राहिला आणि मग पुन्हा उसळला. तेव्हा मात्र मी रामाशी भांडलो. नेमाने नाम घेणाऱ्याच्या वाट्याला हे, आणि सोसायटीत रोज सकाळी पाण्याच्या टाकीवरून भांडणारे आमचे शेजारी ठणठणीत, हा कुठला न्याय? राम काही बोलला नाही. पत्नी मात्र बोलली. "अहो, त्यांनी टाकीवरून भांडणं सोडलं तर आपल्याला पाणी कोण आणणार?" नलिनी अशीच आहे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला मोठेपणाने दुःखी होऊ दिलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी सुचवलं की त्यांच्या रुग्णालयात एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. नेहमीच्या गोळ्यांबरोबर दर आठवड्याला एक इंजेक्शन. इच्छा असेल तर सहभागी व्हा, नसेल तर नेहमीचे उपचार आहेतच. संमतीपत्र चांगलं जाडजूड होतं. ते समजावून द्यायला रुबीना होती. सहभागी रुग्णांच्या सगळ्या नोंदी तीच ठेवायची. येरवड्याहून स्कूटरवर यायची आणि हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची. "काका, डाऊट असेल तर विचारा हां. सहीची घाई नाहीये." तिने पानं वाचायला घेतली. बाराव्या पानावर 'हातापायांना फार बधिरता आल्यास औषध थांबवण्यात येईल' असं आलं आणि माझं मन तिथेच अडकून बसलं. पुढचं तिने वाचलं, मी मान हलवली, पण माझ्या कानात काहीही शिरलं नाही.

औषध लागू पडलं. दुसऱ्या महिन्यात खडकी मेट्रोचा जिना मी कठड्याला न धरता चढलो. रक्ताचे रिपोर्ट सुधारत गेले, नलिनीने शिरा केला, टाकीवाल्या शेजाऱ्यांनाही नेऊन दिला. आणि चौथ्या महिन्यात बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. पुढे मुंग्या गेल्या म्हणून मी खूश झालो, पण त्यांच्याबरोबर बोटंही गेली होती. शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा मी झब्बे घालायला लागलो. पायातली चप्पल रस्त्यात निसटली की चार पावलांनी कळायचं, तेव्हा पट्ट्याचे सँडल घेतले. तपासनीसाला पळवाटा बरोबर ठाऊक असतात.

दर भेटीला रुबीना तक्ता घेऊन बसायची. झोप, भूक, मळमळ, आणि मग तो प्रश्न यायचा. "बोटांना मुंग्या, बधिरपणा? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खूप." मी म्हणायचो, "रामकृपेने उत्तम. शून्य लिही." ती एकदा माझ्या झब्ब्याकडे बघत म्हणाली, "काका, वरचं बटण खालच्या काजात गेलंय." मी म्हटलं, "तुमच्या पिढीने फाटक्या पॅंटी घातलेल्या चालतात, आमचं एक बटण चालत नाही?" ती हसली आणि शून्य लिहिलं. मला वाटायचं, मी तक्रार करत नाही, देव ठेवील तसा राहतो, केवढी ही शरणागती. खरं सांगायचं तर ती शरणागती नव्हतीच, शुद्ध भीती होती. औषध थांबलं तर मी मरेन, ही भीती. तिच्यावर मी रामाच्या नावाचं उपरणं पांघरलं होतं.

आता माळेचं सांगतो. माळेत एकशे आठ मणी असतात आणि एक वेगळा, थोडा मोठा, तो मेरुमणी. तो ओलांडायचा नसतो. बोट तिथे आलं की एक माळ झाली, मग माळ फिरवून उलट दिशेला निघायचं. डोळे मिटलेले असतात, त्यामुळे सगळा भरवसा बोटावर. त्या दिवसांत असं व्हायला लागलं की माळ संपेचना. मी नाम घेत राही, मेरुमणी काही येत नसे. डोळे उघडावेत तर घड्याळात पाऊण तास झालेला. मी काय समजावं? मला वाटलं, नाम मुरलं. काळाचं भान सुटण्याबद्दल आयुष्यभर कीर्तनांत ऐकलं होतं, ते आता माझ्या वाट्याला आलं. आजारात देवाने एवढं मोठं देणं द्यावं, या विचाराने एका सकाळी माझे डोळे भरून आले आणि ते मी नलिनीला सांगितलं. ती परातीत कणीक मळत होती. "समाधी लागते म्हणता," ती म्हणाली, "मग इडलीचा कुकर उतरला की बरे उठून येता?" मी तिच्यावर रागावलो. अध्यात्म सगळ्यांनाच कळत नाही, असं काहीसं बोललोही. आज ते आठवलं की कान गरम होतात.

पुढच्या भेटीला नेहमीसारखी उत्तरं दिली. बधिरपणा, शून्य. रुबीना तक्ता घेऊन डॉक्टरबाईंची सही आणायला आत गेली आणि मी बाकावर बसून डोळे मिटले, माळ काढली, नाम सुरू केलं. छान लागलं. आजूबाजूची गडबड लांब गेली. किती वेळ गेला कोण जाणे, आणि कानाशी खणखणीत आवाज आला. "आवं बाबा, माळ पडलीया तुमची. कवाधरनं बगतीया, बोटं आपली रिकामीच फिरत्यात."

डोळे उघडले. शेजारी एक म्हातारी बाई होती. वाघोलीच्याही पलीकडच्या एका गावातून नवऱ्याला दाखवायला आली होती, हे मला नंतर कळलं. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, आणि दुसऱ्या हातात माझी माळ. माझा अंगठा आणि मधलं बोट अजून फिरत होतं. खरंच सांगतो, बाईंच्या हातात माळ दिसत असतानाही माझ्या बोटांना ती बोटांतच वाटत होती. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. आणि दारात रुबीना उभी होती, सही झालेला तक्ता घेऊन.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. तिने मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं. "काका, डोळे मिटा. हात पुढे करा. काय ठेवलंय सांगा." मी बोटं चाळवली. काहीतरी होतं, की नव्हतं? "किल्ली," मी अंदाज ठोकला. मग डोळे उघडले. माझ्या तळहाताच्या कडेला, बोटांवर, माझी माळ होती. आईची माळ. ती गेली तेव्हा तिच्या हातातून मी स्वतः सोडवून घेतलेली. ती मला ओळखता आली नव्हती. मी रडलो, चारचौघांच्या दवाखान्यात, सत्तरीला आलेला माणूस. रुबीनाने पाण्याचा ग्लास ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमच्या त्या शून्यावरून पुढच्या पेशंटचा डोस ठरणार असतो हो. त्यांना काय सांगायचं आम्ही?"

मला सावंत आठवले. कँटीनमध्ये बसून भरलेला त्यांचा तक्ता आठवला, सगळी मापं एकसारखी, सुंदर. माझं आवडतं वाक्य इतक्या वर्षांनी माझ्याच दारात येऊन उभं राहिलं होतं. सावंतांच्या हातून निदान नळ्याच चुकल्या असत्या. मी मागून येणाऱ्या, माझ्यासारख्याच घाबरलेल्या माणसांची बोटं पणाला लावत होतो. मी रुबीनाला म्हटलं, "पुसून टाक ते. आठ लिही. आणि मागचे तीन महिनेही खोटे आहेत, तेही लिही." तिने पुसलं नाही. तिथे खोडायचं नसतं म्हणे. जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी खरा आकडा आणि आपली सही घातली. आमच्या कारखान्यातही हेच करायचो.

डॉक्टरबाईंनी बारावं पान काढून माझ्यासमोर धरलं. 'हातापायांना फार बधिरता आल्यास औषध थांबवण्यात येईल,' आणि पुढे, त्याच ओळीत, 'व बरं वाटल्यावर कमी मात्रेत पुन्हा सुरू करण्यात येईल.' अख्खं आयुष्य मी लोकांना नियम शेवटपर्यंत वाचा म्हणून छळलं होतं. "आणखी दोन महिने लपवलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर ही बोटं परत आली असती की नाही, मी सांगू शकले नसते. आताही खात्री देत नाही. वाट बघायची."

सहा आठवडे इंजेक्शन बंद होतं. आत तो रोग पुन्हा उसळतो आहे की काय, कळायला मार्ग नाही. बोटं परत येतील की नाही, तेही नाही. मी आजवर जिला शरणागती म्हणत होतो, तिच्यात मी स्वतः सगळं सांभाळत होतो, तक्त्यासकट. आता सांभाळायला काही उरलं नव्हतं. सकाळी बसायचो आणि रामाला म्हणायचो, मला भीती वाटते. एवढंच. बाकी नाम तसंच, माळेशिवाय. आणि गंमत अशी की त्या दिवसांत मला झोप फार चांगली लागली. नलिनी म्हणाली, "आता खरी समाधी. घोरता सुद्धा."

रक्ताचे रिपोर्ट टिकून राहिले. कमी मात्रेत इंजेक्शन पुन्हा सुरू झालं आणि रोग दबूनच राहिला. रुबीनाने इतर रुग्णांनाही नव्याने विचारलं, तेव्हा आणखी काही शून्यं खोटी निघाली. कोणी माझ्यासारखं घाबरून, तर कोणी इतक्या चांगल्या डॉक्टरबाईंना वाईट कसं सांगायचं म्हणून. आता ती आकड्याआधी विचारते, बटण लागतं का, चप्पल निसटलेली कळते का. आपल्या आजीची तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, आठवून तिने एक प्रश्न जास्तीचा घातला आहे, जपाचे मणी समजतात का. छापील तक्त्यात बदल करायला अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीची मंजुरी लागते, ती यथावकाश येईल. तोवर ती तोंडीच विचारते.

त्या बाई मला पुन्हा भेटल्या. मी त्यांना महिनाभर शोधत होतो. खरं तर माझ्या मनाने त्यांना केव्हाच माणसांतून उठवून देवांत बसवलं होतं. त्या दिसल्या तसा मी वाकलो. "आन् पाया कशापायी पडताय?" त्या मागे सरकल्या. "त्या दिसी तुमच्या माळंपायी आमचा नंबर गेला, ठावं हाय का? दुपार झाली मग आमाला." मी म्हटलं, "रामानेच तुम्हाला पाठवलं." त्या म्हणाल्या, "मला आमच्या मालकांच्या दुखन्यानं आनलं. येश्टीनं." आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मी त्यावर वाद घातला नाही. राम आणि एसटी यांच्यात काय ठरलं असेल ते ठरलं असेल.

गेल्या महिन्यात, एका सकाळी, साडेसहाला बसलो होतो. आतून भाताच्या कुकरची शिट्टी झाली, बाहेर टाकीवरचं भांडण सुरू होतं. डोळे मिटून नाम चाललं होतं, आणि बोट अडलं. काहीतरी मोठं, खडबडीत, कडेला जरा झिजलेलं. डोळे उघडावेसे वाटले, पण उघडले नाहीत. अंगठ्याने तो मणी नीट चाचपला, केसाएवढी धार शोधायचो तसा. मग रामाला आजची नोंद दिली, जशी आहे तशी. डाव्या हाताची करंगळी अजून बधिर आहे. परवाच्या रिपोर्टची भीती वाटते आहे. उजव्या हाताला मेरुमणी लागला, तुझे फार उपकार आहेत. आणि माळ फिरवून उलट दिशेला निघालो.