कदमची गाठ सुटली नव्हती

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचो आणि हसून सोडून द्यायचो. आयुष्य फौजेत गेलं, नको त्या जागी पहारे दिले, कधी काही दिसलं नाही. भूतबीत मी आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण गेलेल्या माणसावर मी ठेवलेला एक ठपका मलाच पुसायचा आहे.

मी आणि कदम दोघेही साताऱ्याकडचे. निवृत्तीनंतर जयपुरातच, मानसरोवर कॉलनीत राहिलो. कॉलनीतल्या लोकांना घेऊन नाहरगडामागच्या टेकड्यांत कॅम्पला जायचो. कदम आमचा दोरीचा उस्ताद. पॅराशूटची ती बारीक, चिवट दोरी घेऊन तो ताडपत्री ताणायचा, मोळ्या बांधायचा, तुटक्या चपलेला बंद लावायचा. गाठ मारली की शेपूट उलट फिरवून पुन्हा गाठीच्या पोटात खुपसायची, ही त्याची खोड. दुसऱ्या कुणालाच ते जमलं नाही.

या दोरीच्या आत बारीक धागे असतात. ते ओढून काढले की शिवणीला उपयोगी पडतात, पण वरचं विणलेलं कवच बाहेरून तसंच दिसतं. म्हणून पोकळ झालेली दोरी लगेच वेगळी ठेवायची, हा कदमचा नियम. एका कॅम्पला सकाळी माझ्या सॅकचा पट्टा तुटला. मी धागे काढून तो शिवला... आणि पोकळ दोरी पुन्हा गुंडाळीत टाकली.

दुपारी उतारावर आधारासाठी दोरी हवी होती. कदम एरवी ती चिमटीत फिरवून बघायचा. आतले धागे बोटाला लागतात. त्या दिवशी त्याने फक्त मला विचारलं, "अख्खी आहे ना रे लेका?"

"अख्खी आहे की. तुला काय सडकी देईन?"

सकाळचं मला आठवलंच नाही.

खडकाच्या धारेवर दोरी तुटली. कदम घळीत गेला, कण्याला मार बसला. सगळे खाली धावले, तेव्हा झाडाला राहिलेला तुकडा मी सोडवून खिशात घातला. आणि विचारणाऱ्यांना म्हणालो, "गाठ सुटली." खाली गेलेल्या दोरीचं फाटलेलं टोक त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही.

"उस्तादच घसरला!" असं लोक पुढे कितीतरी दिवस म्हणायचे. कदम चाकाच्या खुर्चीतून भांडायचा, "माझी गाठ सुटत नसते." मग हळूहळू भांडायचा थांबला. "सुटली असेल बाबा. हात म्हातारे झाले." तेच मानून तो दोन वर्षांपूर्वी गेला.

यंदा होळीनंतर त्याची कॉलेजात जाणारी नात मुग्धा आमच्याबरोबर आली. तो तुकडा माझ्या सॅकच्या चेनच्या कप्प्यात होता. कधी टाकवलाच नव्हता. भर दुपारी धुळीची आंधी उठली. ताडपत्रीखाली आम्ही तोंडं झाकून बसलो. मी मारलेल्या गाठी एकेक करून सरकल्या, ताडपत्री उडाली – पण मुग्धाच्या बाजूचा कोपरा तसाच जमिनीला धरून राहिला.

धूळ बसल्यावर तीच म्हणाली, "आजोबा, ही गाठ कुणी मारली? मतलब, बाकी सगळ्या सुटल्या ना..."

जवळ गेलो. हिरवट दोरी, एक टोक फाटलेलं. चिमटीत फिरवली – पोकळ. शेपूट उलट फिरून गाठीच्या पोटात गेलेलं. सॅक पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होती. कप्प्याची चेन बंद होती. उघडली, आत काही नव्हतं.

सगळ्यांना विचारलं. "अरे, आपने ही बाँधी होगी, साहब। उमर हो गई है," शेजारचे शर्माजी हसले. मला हसता आलं नाही.

गाठ न सोडता फास खुंटीवरून काढला आणि घरी परतल्यावर तसाच कदमवहिनींपुढे ठेवला. सगळं सांगितलं. वहिनी बराच वेळ त्या गाठीवरून बोट फिरवत राहिल्या.

"भाऊजी, हे त्यांना सांगायला हवं होतंत."

मी मान खाली घातली.

"आता निदान बाकीच्यांना सांगा."

कॉलनीत सांगितलं. काही जण आता माझ्याशी बोलत नाहीत, ते बरोबरच आहे. आज इथे सांगतोय.

वहिनींनी तो तुकडा कदमच्या फोटोखाली ठेवलाय. आंधी येऊन गेली की मी जातो, चप्पल काढतो आणि गाठ ओढून बघतो. गाठ अजून सरकलेली नाही.