माठावरच्या आक्का

ये गं रेखा, अशी जवळ बस. तू म्हसवडला, मी सांगलीत, तेव्हा बसली आहेस असं धरूनच लिहिते. आधी थोडं रागावू दे. तुझी आई, आमच्या आक्का, गेल्या, जलदान विधीही उरकला, आणि मला कळलं महिन्याने, तेही माधवनगरच्या बाजारात, आक्कांच्या गिरणीतल्या मैत्रिणीकडून. माझा नंबर नव्हता असं सांगू नकोस. इतकी वर्षं तुझी आई आमच्या उन्हाळी संगीत महोत्सवात पाणी द्यायची, आणि स्वयंसेवकांच्या यादीवर सगळ्यात वर माझाच नंबर असायचा. एक फोन करायचास की, पोरी. का केला नाहीस ते मला ठाऊक आहे. पण मला सरळ रस्त्याने सांगता येत नाही, तेवढं सोस.

तू आईला घरात पाहिलंस. महोत्सवात पाहिलं नाहीस, तुझं लग्न फार लवकर झालं. तिथे आक्का ओगराळ्याने पाणी काढायच्या आणि पेल्यावर नेऊन हात तसाच थांबवायच्या. समोरचा घसा कोरडा करून उभा. आक्का मांडवाकडे कान लावून. तबला फिरून समेवर आला, लोकांनी माना हलवल्या, की मगच पाणी पेल्यात पडायचं. वाहवाच्या गलक्यात त्याचा आवाज विरून जायचा. गाण्यात खळखळ ऐकू येता कामा नये, हा त्यांचा नियम. त्यांना तो कोणी घालून दिला नव्हता.

एकदा एक मोठे साहेब आले. मे महिना, शाळेचं मैदान तापलेलं, साहेबांचा शर्ट पाठीला चिकटलेला. "ए बाई, पाणी दे लवकर!" आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. आत संथ आलाप चालला होता, सम बरीच लांब. साहेब हात पुढे करून उभे, मागे दहा माणसं उभी. शेवटी पेला भरला तेव्हा आक्का हळूच म्हणाल्या, "प्या आता. घोट घेताना वाजवू नका म्हंजी झालं." साहेब खरंच आवाज न करता प्यायले. मी पदर तोंडाला लावून हसत होते.

मी विचारलं होतं, "आक्का, तुम्ही गाणं शिकलात कुठे?" तर म्हणाल्या, "गानं कुटलं वहिनी? गिरनीत मागावर उमर गेली माजी. धोटा गेला, धोटा आला. मनात मोजल्याबिगर हात चालायचाच न्हाई. ताल काय येगळा असतोय व्हय?" मागाचा धोटा त्यांना तबल्यात ऐकू यायचा. एखादा गवई फार ताना मारायला लागला की माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "ह्यो गडी लय पळतोय. धागा तुटंल बगा." आणि खरोखर तो समेला चुकायचा. मी बिल्ला लावून सतरंज्या, हार, कलाकारांचा चहा यांत धावत असायचे. त्यावरही टोमणा ठरलेला. "वहिनी, तीन दिसांत एक तरी गानं आईकलंसा का? का नुस्ता बिल्लाच मिरवताय?"

माठ पाच. मैदानाच्या कडेला लिंबाखाली वाळूत रोवलेले, भोवती ओलं गोणपाट. दुपारी तीनलाच त्या माधवनगरहून यायच्या, पाणी गाळून भरायच्या, पेले चिंचेने घासून रांगेत पालथे घालायच्या. मी एकदा माठात वाळा टाकूया म्हटलं, तर म्हणाल्या, "नगं. दुष्काळी मानदेशातली हाय मी. पान्याला पान्याची चव असली तरी आमाला लय झाली."

आता एक सांगते, ते नीट ऐक. स्वयंसेवकांची पंगत शाळेच्या व्हरांड्यात बसायची. आक्का कधी पंगतीत बसल्या नाहीत. सगळ्यांचं झालं की लिंबाखाली बसून स्वतःचा डबा खायच्या. मला वाटायचं, पथ्य असेल. वाटायचं म्हणजे, तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. पहिल्या दोन रांगांतली काही मंडळी घरून बाटल्या आणायची, माठाकडे फिरकायची नाहीत. तेही मी पाहत होते. प्रत्येकाची सवय, म्हणायचं आणि पुढे जायचं.

मग एका वर्षी महोत्सवाच्या आधीच्या बैठकीनंतर, देणगीदारांपैकी एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकी, यंदा जारचं पाणी ठेवा. माठावर त्या बसतात ना, हल्ली सगळ्यांना चालत नाही हो." काय चालत नाही, हे मी विचारलं नाही. विचारावं लागतच नव्हतं. घरी आले, चहा केला, प्याले. मनात काही म्हणजे काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी जारवाल्याला फोन केला.

आक्कांना सांगायला मी स्वतः माधवनगरला गेले. म्हटलं, यंदा जार आणि कागदी पेले आणतोय, स्वच्छतेचं बघावं लागतं, आणि तुमचं वय झालं, तुम्ही आता खुर्चीवर बसून निवांत ऐका. आक्का तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"कागदी पेल्याचा आवाज न्हाई व्हायचा," त्या म्हणाल्या. "बरं झालं की."

जरा वेळाने सूप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "वहिनी, कुनी काय म्हनलं का?"

"छे, छे," मी म्हटलं. "कोण काय म्हणणार?"

एवढंच. माझ्या तोंडून आलेलं ते सगळ्यात वाईट वाक्य, आणि ते मी हसून म्हटलं होतं. आक्कांनी परत विचारलं नाही. निघताना कढीपत्ता दिला, मी घेतला.

त्या वर्षी पहिल्या संध्याकाळी आल्या, इस्त्रीचं पातळ नेसून. मी त्यांना चौथ्या रांगेत बसवलं. आलापात कोणीतरी जारचा नळ सोडला आणि तो गुडगुडला. आक्कांची मान तिकडे वळली, परत सरळ झाली. मध्यंतराला पाहिलं तर खुर्ची रिकामी. त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. पुढे तू त्यांना म्हसवडला घेऊन गेलीस.

मी एकदा तुमच्याकडे आले होते, आठवतं? तेच सांगायला आले होते. खरं काय ते सांगायचं, माफी मागायची, असं एसटीत बसून घोकत आले. उंबऱ्यातून आत आले तर आक्का तुला म्हणाल्या, "रेखा, दुकानातनं सीलबंद बाटली आन गं वहिनींस्नी. त्येंस्नी माटाचं चालतंय का न्हाई, उगं इचारायला नगं." त्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणे मारताना आक्का कशा बोलायच्या ते मला माहीत होतं. त्या खरंच माझी सोय बघत होत्या. सगळं त्यांना कळलेलं होतं, आणि मीही त्याच रांगेत बसलेली आहे असं त्यांनी धरलं होतं.

तू बाटली आणलीस. मागे चुलीजवळ माठ होता. मी उठून त्यातलं पाणी घ्यायला हवं होतं. नाही उठले. झाकण फिरवलं, ते कट्‌कन तुटलं, आणि मी प्याले. मग आपण तिघी उसाच्या दराबद्दल, तुझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो. तू माझ्याकडे बघत होतीस. तुला तेव्हाच सगळं कळलं असणार. म्हणून तू फोन केला नाहीस, आणि ते बरोबरच केलंस.

बाजारात आक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी मेथी घेत होते. जुडी उलटसुलट करून पाहिली, ताजी आहे म्हटलं, पिशवीत टाकली. रडू आलं नाही. अजून येत नाही. परवाच्या बैठकीत मात्र उभी राहिले आणि माठ का काढले ते सगळ्यांसमोर सांगितलं, त्या बाईंसमोरही. आणि होय म्हणणारी मी होते, तेही सांगितलं. कोणीतरी घसा साफ केला, आणि मांडवाच्या भाड्याचा विषय निघाला. मी बिल्ला टेबलावर ठेवून घरी आले. शूर झाले असं समजू नकोस. ज्यांना सांगायचं होतं त्या ऐकायला नाहीत, मग शौर्य कसलं.

हे लिहिलं खरं, पण कागदावर लिहिणं सोपं, कागद वर मान करून बघत नाही. "कुनी काय म्हनलं का" या प्रश्नाचं उत्तर मला कोणाच्या तरी तोंडावर द्यायचं आहे, आणि आक्कांच्या मागे ते ऐकायचा हक्क तुझा आहे. भांडायचं असेल तर भांड, काही न बोलता उठून जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. फक्त एकदा समोर बस. सकाळच्या एसटीने निघालीस तर दुपारच्या जेवणाला पोचशील. मी स्टँडवर घ्यायला येते, गुडघे दुखतात पण येते. लवकर ये गं, फार लांबवू नकोस.