इंदुरी: आमच्या घराला वर्ज्य असलेलं गाव

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर स्पितीला आलात, मेघालयात भिजलात, कच्छच्या रणात माझी एक चप्पल हरवली तेव्हा माझ्यावर पोटभर हसलात. आजचा प्रवास लोणावळा ते इंदुरी, फार तर छत्तीस किलोमीटर. माझ्या जुन्या स्कूटरनं, कामशेतला मिसळ खाऊनसुद्धा, दीड तास. फोटो एकही चांगला नाही. हिरवंगार मावळ बघायला आला असाल तर आत्ताच सांगते, मी फेब्रुवारीत गेले होते, डोंगर पिवळे पडले होते आणि मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जायचं ठरलं ते आत्यामुळं. सुमनआत्या एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि लोणावळ्यात आम्ही दोघीच राहतो. आजी बाळंतपणात गेली तेव्हा आत्या बारा वर्षांची होती आणि माझे वडील चार दिवसांचे. त्यांना आणि मधल्या दोन काकांना तिनंच वाढवलं, पुढे मलाही. तिनं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते आमच्या घरात लहान पोरालाही पाठ आहे.

गोष्ट अशी. माझे पणजोबा भिकाजी मूळचे इंदुरीचे. त्यांच्या सख्ख्या भावानं भाताचं खाचर बळकावलं आणि कोर्टात खोट्या साक्षी उभ्या केल्या. पणजोबांनी गावाच्या वेशीत उभं राहून शपथ घेतली, की या गावचं पाणी मी पिणार नाही, माझ्या वंशातलं कोणी पिणार नाही, आणि जो पिईल त्याचा निर्वंश होईल. मग लोणावळ्याला येऊन रेल्वेत गँगमन म्हणून लागले. तेव्हापासून आमच्या घरचं कोणी इंदुरीत पाणी पीत नाही. चाकणकडे जाताना इंदुरीचा पूल आला की वडील आमच्या हातातल्या बाटल्यासुद्धा बंद करायला लावायचे. खरं तर इंद्रायणी उगवते आमच्या लोणावळ्याकडे आणि वाहत जाते इंदुरीला, म्हणजे पाणी आमचंच. पण हे मी एकदाच बोलले आणि त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही.

आत्या एकोणीस वर्षांची असताना तिला इंदुरीचं स्थळ आलं. मुलाचं नाव बबन. बघायला आला, पसंती झाली. आत्यालाही तो आवडला होता, हे तिनं मला अगदी अलीकडे सांगितलं. पण आजोबांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, शपथेची आठवण करून दिली. ज्या गावचं पाणी वर्ज्य, तिथं मुलगी कशी द्यायची? आत्यानं मान खाली घातली. पुढे तिला दुसरं स्थळ बघायचं नाव कोणी काढलं नाही.

या जानेवारीत ती न्हाणीत पडली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू गावोगाव हिंडतीस. माजं एक काम कर. ते खाचराचं भांडण कुटंतरी लिवलेलं आसंल. भिकाजीबाबाला खरंच फसवलं का, येवढं बघून ये."

"आता बघून काय करायचंय आत्या?"

"खरं आसंल तर माजं जे गेलं ते कशापायी तरी गेलं, आसं म्हनता यील."

मी एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, आमची सुट्टी आठवड्याच्या मधे येते. तीन दिवस जोडून घेतले.

पहिला दिवस वडगावचा. तालुक्याचं गाव, सगळी जुनी दप्तरं तिथल्या तहसिलीत. तुम्हाला असं काही शोधायचं असेल तर एक सांगते: नुसता गट नंबर घेऊन जाऊ नका, जुना सर्व्हे नंबरही लागतो, आणि तो घरात कोणाला माहीत नसतो. मला तो चुलत काकांच्या लोखंडी पेटीतल्या एका पावतीवर मिळाला. अर्ज लिहायचा, त्यावर कोर्ट फीचं तिकीट लावायचं आणि बाकावर बसायचं. सकाळी लवकर गेलात तर सावलीतला बाक मिळतो.

रेकॉर्डच्या मॅडम भल्या होत्या. कापडात बांधलेले गठ्ठे स्वतः खाली काढले, धूळ झटकली. जुनी नोंद मोडीत होती, पण मॅडम मोडी शिकलेल्या होत्या. बोट ठेवून वाचत गेल्या. मी वहीत एक वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं, "भिकाजीचे नाव कमी केले." तेवढं दिसलं की झालं, आत्याला दाखवायला बरं.

"नाव कमी नाही केलेलं," मॅडम म्हणाल्या. "निम्मं खाचर भावाच्या नावावर, निम्मं भिकाजीच्या. शेतसारा दोघंही भरतायत. पुढच्या सालीही. त्याच्या पुढच्याही."

"किती साल?"

त्यांनी पानं उलटली. "ते वारेपर्यंत."

मी म्हटलं, दुसरा कोणी भिकाजी असेल. त्यांनी बापाचं नाव वाचून दाखवलं. राहणार लोणावळे, नोकरी रेल्वे, असंही लिहिलं होतं. बाहेर येऊन एकशे वीस रुपयांची थाळी मागवली आणि निम्मी टाकून उठले. म्हणजे ज्या खाचरापायी गाव सोडलं, त्यातलं निम्मं मरेपर्यंत यांच्याच नावावर होतं. घरी जाऊन आत्याला म्हटलं, अजून काही सापडलं नाही. ती म्हणाली, सापडंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट. दाव्याचे मूळ कागद मुदत संपल्यावर नष्ट केलेले असतात, तेव्हा साक्षी, जबान्या असलं काही मिळेल अशी आशा ठेवून जाऊ नका. नोंदवही मात्र होती आणि तिच्यात आमची एक ओळ होती. वादी भिकाजी, प्रतिवादी त्याचा भाऊ, बाब भाताचे खाचर. शेवटच्या रकान्यात निकाल: उभयतांत तडजोड. मी तिथल्या कारकुनाला विचारलं, याचा अर्थ दोघांनी आपापसात मिटवलं असाच ना? तो म्हणाला, दुसरा काय अर्थ असणार मॅडम. पुढे रांग होती, मी बाजूला झाले.

दुपारी पुन्हा तहसिलीत. मॅडमनी वारसनोंदीची फाईल काढून ठेवली होती. पणजोबांनंतर खाचर आजोबांच्या नावावर करायचं होतं, त्याची चौकशी गावच्या चावडीवर झाली होती आणि तिथं आजोबांनी जबाब दिला होता. हे कागद साध्या बाळबोधीत, मलाही वाचता येत होते. "मी राहणार लोणावळे. मजकूर खाचर चुलत भावाकडे अर्धलीने आहे. मी दर साल सुगीला गावी येतो व खळ्यावर माझे वाटणीचे भात घेऊन जातो." अर्धलीनं म्हणजे पिकाच्या निम्म्या वाट्यावर. खाली सही, गणपत भिकाजी, आणि तारीख. आत्याला इंदुरीचं स्थळ आलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली.

दर साल सुगीला. आमच्या घरी दरवर्षी आंबेमोहराचं पोतं यायचं. आजोबा सांगायचे, कामशेतच्या बाजारातून आणलं. आत्या ते निवडायची, त्याचा भात करायची, भावांना वाढायची. ज्या गावचं पाणी वर्ज्य म्हणून तिला तिथं दिलं नाही, त्या गावचा भात ती त्याच शपथेच्या घरात शिजवत होती. मला तिथं बाकावर बसून रडू आलं. मॅडमनी विचारलं, जमिनीचा वाद आहे का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

तिसऱ्या दिवशी इंदुरी. तळेगाव-चाकण रस्ता म्हणजे कंटेनरची रांग. दुचाकीवर जाणार असाल तर नऊच्या आत पूल ओलांडा, नंतर कंपन्यांच्या बसगाड्या तुम्हाला कडेच्या खड्ड्यात ढकलतात. किल्ल्याच्या बाजूनं आत वळले आणि भावकीचं घर विचारत गेले. स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर. किसनआबा ओट्यावर बसले होते. पणजोबांच्या भावाचे ते नातू, वय चौऱ्याऐंशी.

"गणपतभाऊची नात व्हय तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाक त्याचंच हाय. बस की. आगं, पानी आना."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्रेचाळीस वर्षांची मी, पासपोर्टवर सहा देशांचे शिक्के, आणि माझा हात पुढे होईना. आबांना सरळ सांगून टाकलं, आमच्या घरात शपथ आहे.

"कसली शपत?" त्यांना खरंच कळेना. मग कळलं तसे हसले. "आरं द्येवा! ती व्हय! भिकाजीबाबा लय रागीट. घेतली व्हती शपत, माजा बा सांगायचा. पर कोरटात मिटलं तवा देवीम्होरं नारळ फोडून उतरवली की. दोगं भाऊ एका ताटात ज्येवले त्या दिशी. त्याला किती वरसं झाली!"

"आणि आमचे आजोबा यायचे?"

"गणपतभाऊ? दर सुगीला. तू बसलीस नव्हं, तितंच बसायचा. आडाचं पानी मागून घ्यायचा. म्हनायचा, लोनावळ्याच्या नळाला ही चव न्हाई."

मी तांब्या उचलला आणि प्यायले. मला काही विशेष वाटेल असं वाटलं होतं. सून म्हणाली, "जारचं हाये ताई, बिनधास्त प्या. आडाचं आता कोन पितंय?"

मग मी बबनचं नाव घेतलं. विचारायचं नाही असं ठरवून आले होते, तरी विचारलं.

"त्ये स्थळ मीच सुचवलं व्हतं. माजा दोस्त त्यो. मोटारी दुरुस्त करायचा, हिरीवरच्या. लय गुनी मानूस. ग्येला, आठ वरसं झाली. पोरं चाकनला कामाला हायेत. तुजी आत्या त्याला लय पसंत व्हती. पर गणपतभाऊ म्हनला, पोरगीच नको म्हनती. मंग काय बोलनार? दोन वरसं थांबला त्यो, मंग लगीन केलं."

"आजोबा म्हणाले, पोरगीच नको म्हणते?"

"व्हय. हितंच बसून म्हनला."

आबांनी जेवायला थांबवलं. पिठलं, भाकरी, भात. भात चांगला होता. निघताना त्यांनी खाचर दाखवलं. आजोबांनी ते पुढे भावकीलाच विकलं, आता त्यावर कंपनीच्या कामगारांसाठी खोल्या उभ्या आहेत. मी दोन मिनिटं उभी राहिले आणि स्कूटर चालू केली.

परतीच्या वाटेवर कामशेतला चहासाठी थांबले आणि तासभर तिथंच बसून राहिले. आजोबांवर संतापायचं तर नीट संतापताही येईना. तीन आईविना पोरं, स्वतः रेल्वेत पाळीवर, घरात करणारी एकच मुलगी. तिला दिली असती तर माझ्या वडिलांचं काय झालं असतं? त्यांनी तिला ठेवून घेतलं म्हणून वडील जगले, शिकले, मी झाले, मी जगभर फिरून तुम्हाला फोटो दाखवते. हे सगळं आत्याच्या जिवावर, आणि तेही तिला फसवून. मी फार वाईट अवस्थेत घरी आले.

खोटं बोलायचं ठरवलं होतं. कागद नष्ट झालेत, म्हणून सांगायचं. पण आत्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पिशवी मागितली. चष्मा लावून झेरॉक्स वाचत बसली. सातवीपर्यंत शिकलेली आहे, सगळं वाचलं. सहीवर बोट ठेवलं, "अण्णांची." मग मी तडजोडीचं सांगितलं, नारळ फोडल्याचं सांगितलं, सुगीचं, आडाच्या पाण्याचं, बबन गेल्याचंही. एक वाक्य तेवढं ठेवून घेतलं. आबांनी शेवटी सांगितलेलं, पोरगीच नको म्हणते. तेवढं तरी तिच्यापासून लांब राहू दे असं वाटलं.

तिनं भांडण केलं नाही, रडलीही नाही. चार दिवस माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. अण्णांच्या फोटोला रोज हार असतो, तो तिनं घातला नाही, काढलाही नाही. कधीतरी मध्येच आपल्या हातांकडे बघत बसायची.

तुमच्यापैकी बरेचजण मला विचारता, आपल्या मूळ गावाचे कागद कसे शोधायचे. वर सगळं लिहिलंय. सर्व्हे नंबर, अर्ज, वेळ, रस्ता. फक्त जाण्याआधी घरी कोण वाट बघतंय त्याचा विचार करा. कागदाला काय, तो विचारलं तेवढं सांगून पुन्हा कापडात जाऊन बसतो. मी आत्याला ज्यासाठी गेले होते ते आणलं नाही. तिच्याकडे जे होतं तेही घेतलं. साठ वर्षं तिच्याकडे निदान एक कारण होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"शपत उतरल्याचं तिकडच्यांना ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "मंग अण्णांनी त्यांना शपतंचं कारन कसं दिलं आसंल?"

मी गाळणं खाली ठेवलं.

"काय सांगितलं त्यांनी बबनला?"

मी कप पुसायला घेतला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"म्हंजी त्यो ग्येला तवा त्याला वाटत व्हतं, मीच नको म्हनले."

मी हो म्हणाले.