पाण्याकडची खिडकी

आमच्या कॉलनीत वाऱ्याचे किस्से दाराखालच्या फोलपटासारखे साचतात. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच. बीदरकडचं हे धरण झालं तेव्हा माझ्या सासरचं गाव पाण्यात गेलं. निम्मी घरं इथं काठावर वसवली, निम्मी आत माळावर. तेव्हापासून काठावरच्या माणसांचं वाऱ्याशी जरा वाकडंच आहे. मी लग्न होऊन आले ती बी.एस्सी. होऊन. वाटलं, आपल्याला तरी वारा कळतो. वाटतं माणसाला!

*

इथल्या शाळेत मी अतिथी शिक्षिका. सातवीला खारे वारे शिकवायचे होते. वर्गात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. खरं तर मीही नाही. म्हटलं, धरण आहे की! सकाळीच पोरांना काठावर नेलं आणि उदबत्त्या पेटवल्या. दिवसा जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि ती जागा भरायला पाण्यावरची गार हवा आत शिरते. म्हणजे धूर गावाकडं वळणार.

धूर सरळ वर गेला. एकाही उदबत्तीचा वळला नाही. जमीन तापायलाच अजून अवकाश होता, हे मला परत येताना सुचलं.

हेडसर कानडी, पण मराठी हौसेनं बोलतात. म्हणाले, "म्याडम, तुमचं वारं सरकारी हाय. दुपारशिवाय ड्युटीवर येत न्हाई."

*

ते मी फारच मनावर घेतलं. शेजारच्या शांताक्कांची तूर उफणायची राहिली होती. मी ठणकावून सांगितलं, जेवून घ्या, दुपार कलली की पाण्याकडून वारं येतंच. त्यांनी ताडपत्री पसरली, स्टुलावर चढल्या, सूप डोक्याच्या वर धरलं. आणि आभाळ आलं. ऊनच नाही तर जमीन तापणार कशी आणि वारं येणार कुठून! दिवस मावळेपर्यंत बिचाऱ्या स्टुलावर चढत होत्या नि उतरत होत्या.

शेवटी सूप काखेत मारून म्हणाल्या, "पोरी, तुझ्या पुस्तकात आभाळ न्हाई व्हय?"

होतं. ते पान मी गाळून पुढं गेले होते.

*

हसण्यासारखं इथपर्यंतच. माझी मुलगी चार वर्षांची आहे. छाती भरली की तिच्या श्वासात शिट्टी वाजते. ती जन्मली तेव्हापासून सासूबाईंनी पाण्याकडची खिडकी बंद ठेवली आहे. नुसती कडी नाही, वरून सुतळी बांधलेली. काठावर राहायला आल्या त्या पहिल्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा असाच शिट्टी वाजत वाजत गेला. "पाण्याचं वारं लागलं," एवढंच त्या सांगतात.

मी सुतळी सोडायची, त्या बांधायच्या. नवरा बीदरजवळच्या कोळारला कारखान्यात शिफ्टला असतो. घरी आला की आधी खिडकी बघतो. आज घरात कुणाचं राज्य आहे ते त्याला लगेच कळतं.

बीदरच्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास कशानं वाढतो? मी म्हटलं, कोंडलेल्या हवेनं. सासूबाई म्हणाल्या, वाऱ्यानं. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला दोघी घरून ठरवून या."

*

उन्हाळ्यात शिट्टी थांबेना. सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, पोरीला आत माळावर त्यांच्या थोरल्या बहिणीकडं ठेवायचं. म्हणाल्या, तिथं पाण्याचं वारं न्हाई. माझ्याकडं उत्तर होतं, खात्री नव्हती. मी चुकले तर भोगणार पोरगी. परीक्षा चालू, रजा मिळेना. मावशींना पंप कसा द्यायचा ते दाखवलं आणि तिला तिथं सोडून आले.

मग मी एक पाहिलं. दुपार कलली की सासूबाई फोन घेऊन मागच्या दारी जायच्या. पोरीची चौकशी करत असणार. मग मला येऊन काही सांगायला काय होतं, म्हणून मी आतल्या आत धुमसायची. एक दिवस पेपर लवकर संपला, मी घरी आले आणि सरळ मागच्या दारी गेले. सासूबाई पाण्याकडं तोंड करून उभ्या होत्या. पदर फडफडत होता. फोनवर म्हणत होत्या,

"अक्का, निघालंय बघ. पोरीला दारात बसव."

मला पाहून त्यांनी फोन बंद केला.

"वाऱ्यात बसवायचं कामून, आत्या?" मी विचारलं.

त्या उंबऱ्यावर बसल्या. मीही बसले. माळ तसा जवळ आहे, पण वारं काही सडकेनं धावत जात नाही. तापल्या रानावरून ते हळूहळू आत सरकतं, आणि एखाद्या दिवशी वाटेतच विरून जातं. तेवढं मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना कशावरून माहीत होतं, ते मी विचारलं नाही. ऊन पायांवरून भिंतीवर गेलं तरी दोघी बसूनच होतो.

फोन वाजला. सासूबाईंनी स्पीकर लावला.

"आलं," मावशी म्हणाल्या.

शिट्टी वाजतेय का, असं मी विचारलं. त्यांनी फोन पोरीच्या तोंडापाशी धरला असावा. आम्ही दोघींनी माना खाली घातल्या, कान लावले. ऐकू आलं ते नुसतं वारं, फोनमध्ये भरून राहिलेलं. त्याच्या पलीकडं पोरगी श्वास घेत असणार.

"आपल्याच दारातलं वारं हाय, तिथं सोसतंय तिला," सासूबाई म्हणाल्या, आणि खिडकीची सुतळी सोडायला उठल्या.