तीन दिवस आधी आलेल्या भाकऱ्या

गेल्या जानेवारीत आमच्या घरी सहाशे भाकऱ्या तीन दिवस आधी आल्या. चूक भाकऱ्यांची नव्हती.

मी बिद्रीच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षे नोकरी केली. बैलगाडीवाला उसाचे वजन तोंडाने काहीही सांगे. मी काट्याकडे पाही. निवृत्तीनंतर काटा गेला, सवय राहिली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही प्रार्थना मी सत्तर वर्षे सकाळ-संध्याकाळ म्हणत आलो आहे. परंतु प्रार्थना करावी आणि पीठ आधी दळून आणावे, असे माझे मत.

या मताला कारण होते. त्या सहाशे भाकऱ्यांच्या आदल्या वर्षी चर्चच्या पालक संताच्या सणाला जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. (हिशेब बरोबर होता, माणसे जास्त आली.) शेवटच्या पंगतीत भाकरी संपली. त्या पंगतीत गारगोटीकडची मंडळी होती. पहाटे उठून, टेंपोत बसून आलेली. त्यांतल्या रोझामावशींनी दोन घास भात खाल्ला, पत्रावळ नीट दुमडली आणि मला म्हणाल्या, “झालं की पोटभर, तात्या.” हे खोटे होते. ते त्यांना ठाऊक होते आणि मलाही. वर्षभर ते वाक्य माझ्या ताटाशेजारी बसून जेवत राहिले.

म्हणून पुढच्या सणासाठी मी ठरवले: गारगोटीची पंगत उपाशी उठणार नाही. नोव्हेंबरातच शिवाजी पेठेतल्या आक्काताईंकडे गेलो. त्या आणि त्यांच्या सात-आठ सोबतिणी मोठ्या कार्यांच्या भाकऱ्या थापून देतात. त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नव्या वर्षाच्या जानेवारीचे पान उघडून मी स्वतः लाल शाईने संताच्या सणाची तारीख गोल केली. खाली सही केली. आक्काताई म्हणाल्या, “सई कशाला, तात्या? आमी काय कोर्टात जाणार हाय व्हय?” मी म्हणालो, “असू द्या.”

पुढे धर्मग्राम परिषदेची, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळींची, बैठक झाली. आमचे फादर तरुण आहेत आणि सदैव प्रसन्न असतात. (दोन्ही गोष्टी मला एकाच माणसात मानवत नाहीत.) ते म्हणाले, “सणाची तारीख गुरुवारी येते. खेड्यातल्या लोकांना रजा मिळत नाही. आपण सण रविवारी साजरा करू.”

मी उभा राहिलो. “संत ज्या तारखेला प्रभूघरी गेले, ती तारीख त्यांनी परिषदेला विचारून ठरवली नव्हती.”

“तात्या, संतांची हरकत असेल असं वाटत नाही.”

“माझी आहे.”

मतदान झाले. अकरा विरुद्ध एक. तो एक कोण, हे सांगण्याची गरज नाही. पुढे फादर म्हणाले, “भाकरीसाठी प्रत्येक घराला सांगू, पाच-पाच फडक्यात बांधून आणा. पुरेल.”

“पुरेल कशावरून?”

“देव पुरवतो.”

“गेल्या वर्षी मी होतो तिथे,” मी म्हणालो. “भाकरी माझ्याकडे. इतर कोणीही आणू नये.”

सणाच्या आदल्या रविवारी मिस्साच्या उपासनेच्या शेवटी, वेदीजवळ उभे राहून मी हीच सूचना स्पष्ट आवाजात वाचली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. फक्त एक गोष्ट राहिली. बैठकीत हरून घरी आल्यावर, तारीख बदलल्याचे आक्काताईंना कळवणे. हरलेल्या माणसाला आपली हार शिवाजी पेठेपर्यंत चालत जाऊन सांगावीशी वाटत नाही. उद्या सांगू म्हटले, आणि तो उद्या मागे पडला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला दारात टेंपो थांबला.

“तात्या, कुटं उतरायच्या ह्या?” आक्काताईंनी विचारले. मागे भाकऱ्यांच्या टोपल्या. वाफ येत होती.

“आज?”

“मग कवा? तुमीच लिवून दिलंय की.” त्यांनी पोलक्यातून दिनदर्शिकेचे पान काढून माझ्यासमोर धरले. “ह्यो बघा लाल गोल. सई बी हाय.”

सही माझीच होती. अक्षर चांगले होते.

“रविवारी पुन्हा करून द्याल?”

“रविवारी आमी समद्या भाचीच्या लग्नाला. चूल पेटवायला बी कोण न्हाय मागं.”

टेंपो गेला. आमच्या दोन खोल्यांत सहाशे भाकऱ्या राहिल्या. माझी पत्नी मार्था कमरेवर हात ठेवून उभी होती.

“अवं, आता काय करतासा?”

“ठेवायच्या. रविवारपर्यंत.”

“भाकरी हाय ती, लोणचं न्हवं. आज ज्याला भूक हाय त्याला वाटून टाका. दवाखान्याच्या दारात किती माणसं बसल्यात.”

“आणि रविवारी गारगोटीच्या माणसांना काय वाढायचे? तुझे शहाणपण?”

ती काही बोलली नाही. माझ्या पत्नीचे न बोलणे हे तिच्या बोलण्यापेक्षा लांब असते.

मी काम शास्त्रशुद्ध केले. निम्म्या भाकऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, म्हणजे वाळणार नाहीत. निम्म्या कोरड्या ठेवल्या, म्हणजे आंबणार नाहीत. काही आमच्या फ्रीजमध्ये कोंबल्या, तर काही समोरच्या माळीवहिनींच्या. (त्यांचे दूध आणि दही बाहेर आले. वहिनी म्हणाल्या, “असू द्या की, देवाचं काम हाय.” दही दुपारीच आंबून गेले.) उरलेल्या पलंगाखाली, शिवणयंत्रावर आणि माझ्या कपाटात, कोटाशेजारी.

शुक्रवारी संध्याकाळी फादर आले. ही बातमी त्यांना कोणी दिली, हे मी मार्थाकडे पाहून ओळखले. ते खुर्चीवर बसणार होते. तिच्यावर टोपली होती. उभ्यानेच म्हणाले, “तात्या, रानात मोशेच्या लोकांनीही देवाने रोजच्या जेवणाला धाडलेला मान्ना उद्यासाठी साठवला होता. सकाळी त्यात किडे पडले.”

“फादर, त्यांच्याकडे फ्रीज नव्हता.”

ते हसले. मी हसलो नाही. मला आधीच पलंगाखालून वास येऊ लागला होता.

शनिवारी दुपारी फडकी सोडली. ओल्या भाकऱ्या चिकट होऊन आंबल्या होत्या. घडी उलगडताना तार सुटत होती. कोरड्या मात्र दिसायला उत्तम होत्या. मार्थाने एक उचलून दुसरीवर आपटली. कौलावर कौल पडल्यासारखा आवाज झाला.

“दिसतात तेवढ्या कठीण नसतील,” मी म्हणालो. काट्यावरचा माणूस पुराव्याशिवाय निर्णय देत नाही. मी एक भाकरी घेऊन चावली. कट् असा आवाज झाला.

भाकरी शाबूत होती. माझ्या कवळीचे दोन तुकडे झाले होते.

मी तोंडाला रुमाल लावून फादरांकडे गेलो आणि सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, “हे पापनिवेदन समजू, की परिषदेच्या सदस्याचा अहवाल?”

“ज्यात शिक्षा कमी असेल ते.”

“शिक्षा एकच. उद्या मिस्सा संपल्यावर तुम्हीच लोकांना सांगायचं.”

“आणि जेवण?”

“रस्सा आहे, थोडा भात आहे. बाकीचं तो बघेल.” त्यांनी वर बोट दाखवले. मी वर पाहिले. वर पंखा होता.

रविवारी चर्च भरले. गारगोटीचा टेंपो आला. मी पहिल्या बाकावर बसलो होतो. संपूर्ण मिस्सा चालू असताना मला ताज्या भाकरीचा वास येत होता. अपराधी मनाला असे भास होतात, असे समजून मी डोळे मिटून घेतले. ‘आमची रोजची भाकर’ ही ओळ आली तेव्हा माझा आवाज निघाला नाही. (कवळी नव्हती, हे एक कारण.)

शेवटी मी वेदीजवळ गेलो. गेल्या रविवारी याच जागी उभा होतो, दातांसह. शेवटच्या बाकावर रोझामावशी दिसल्या. मी तोंडापुढचा रुमाल काढला.

“आज भाकरी नाही,” मी म्हणालो. “दोष माझा आहे. गारगोटीच्या मंडळींची मी क्षमा मागतो. गेल्या वर्षाचीही.”

मागे एक मूल रडायचे थांबले. मग रोझामावशी उठल्या. वाकून बाकाखालून त्यांनी एक गाठोडे काढले आणि वर धरले.

“तात्या, बसा खाली. भाकरी हाय.”

त्यांच्या शेजारणीने दुसरे काढले. पुढच्या बाकाखालून तिसरे निघाले. मग डावीकडून, उजवीकडून, स्त्रियांच्या रांगेतून, गायकवृंदाच्या पेटीमागून गाठोडी वर येऊ लागली. सगळे चर्च बांधून आले होते. तो वास भास नव्हता.

“मी आणू नका म्हणून सांगितले होते,” मी कसाबसा म्हणालो.

“व्हय की,” रोझामावशी म्हणाल्या. “तुमी आणू नका म्हणालासा, ही बातमी गारगोटीपतोर आली, तवाच समद्यांनी ठरवलं, आता आणायलाच पायजे. सवताच्या आणि शेजारच्याला दोन जास्ती.”

फादरांनी पटकन आमच्याकडे पाठ केली. त्यांचे खांदे हलत होते.

शेवटच्या पंगतीलाही भाकरी उरली. मी रोझामावशींच्या पंगतीत बसलो. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले, आपली एक भाकरी माझ्या रश्श्यात कुस्करली आणि वाटी पुढे सरकवली. “जेवा. चावायचं काम न्हाय.” मी जेवलो. त्या माझी वाटी रिकामी होईपर्यंत उठल्या नाहीत.

माझ्या सहाशेंपैकी कोरड्या भाकऱ्या पाण्यात भिजवून घातल्यावर माळीवहिनींच्या म्हशींनी खाल्ल्या. त्यांनाही दोन दिवस लागले.

तेव्हापासून देव रोज पुरेसे देतो, यावर माझा विश्वास आहे. तो माझ्या हातून देत नाही, एवढेच त्यात जोडावे. यंदाच्या सणाची बैठक नुकतीच झाली. भाकरीची व्यवस्था पुन्हा माझ्याकडे द्यावी आणि ‘कोणीही भाकरी आणू नये’ ही सूचना मीच वाचावी, असा ठराव फादरांनी मांडला. त्याशिवाय लोक पुरेशी आणत नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले.

ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मी तटस्थ राहिलो.